ब्राझील शिकून करायचंय काय?

पालकहो,

दहावीच्या पालकसभेला गणित-विज्ञानाच्या शिक्षकांपुढे ही रांग असते. आम्हा भूगोलवाल्यांकडे कुणी फिरकलंच तर प्रश्न ठरलेला, "बाई, चाळीसच मार्कांचा तर पेपर. शेवटच्या महिन्यात उरकला तर चालेल ना?" एखादे स्पष्टवक्ते बाबा त्याच्याही पुढे जातात, "आमच्या पोराने ब्राझील शिकून करायचंय काय?"

प्रश्न रास्त आहे. राज्य मंडळाचं दहावीचं पुस्तक भारत आणि ब्राझील यांच्या तुलनेवरच बेतलंय. मग उत्तरासाठी लातूरला, सोयाबीनच्या आडत बाजारात जाऊ. जगात सगळ्यात जास्त सोयाबीन पिकतं ब्राझीलमध्ये. तिकडे पीक जोरात आलं की जगाच्या बाजारात भाव उतरतो आणि त्याची झळ आपल्या मोंढ्यापर्यंत पोचते. त्या देशाचा बहुतेक भाग विषुववृत्ताच्या दक्षिणेला, म्हणून ऋतू आपल्या उलटे. दसरा-दिवाळीला आपली काढणी चालते, तेव्हा तिकडे पेरणी. भाव वाढेल या आशेने आपल्याकडे पोत्यांची थप्पी लावून ठेवतात, आणि फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास तिकडचा नवा माल येऊन दाखल होतो. 'दक्षिण गोलार्धात ऋतू उलटे असतात' हे वाक्य पाठ केलं तर एक मार्क. कळलं तर घरातला माल कधी काढायचा, या चर्चेत ते पोरगंही चार शब्द बोलेल.

शेती नसलेल्यांनो, तुम्हीही सुटत नाही. फ्लॅट बघायला गेल्यावर आपण टाइल्स ठोकून बघतो, पार्किंग विचारतो, पाणी किती वाजता येतं तेही विचारतो. ओढा कुठून वाहतो, हे मात्र कुणी विचारत नाही. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याला पूर आला. कात्रजच्या डोंगराकडून येणारा हा ओढा सोसायट्यांच्या भिंती पाडत गेला, गाड्या वाहून गेल्या, माणसं गेली. पूररेषा नकाशावर आखतात. निळी रेषा म्हणजे सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतल्या एकाची. आता पूर येऊन गेला म्हणजे पुढची चोवीस वर्षं निवांत, असा याचा अर्थ नाही बरं का! निळ्या रेषेपर्यंत पाणी चढण्याची शक्यता दर वर्षी चार टक्के असते. नव्या वर्षी हिशेब नव्याने सुरू. समोच्च रेषा, म्हणजे नकाशावर सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेषा, वाचता येणाऱ्या मुलाला पाणी कुठे उतरणार आणि कुठे तुंबणार, याचा अंदाज कागदावरच येतो. घराचं कर्ज वीस वर्षांचं; एवढा अंदाज त्याआधी घरात कुणाला तरी यायला हवा.

आणि प्रवासात मुलांच्या हातातला मोबाइल जरा वेळ काढून घ्या. तो 'डावीकडे वळा' सांगतो. रस्ता तिथेच का वळला, ते सांगत नाही. मुंबईहून पुण्याला येताना कर्जतला कित्येक गाड्यांना मागून जादा इंजिनं जोडतात. डब्यात सगळे वड्यात गुंग. मुलांना विचारा, ही इंजिनं कशाला? बोरघाटाचा चढ सदतीसास एक आहे, म्हणजे सदतीस मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. गाडीच्या मानाने हा फारच खडा चढ. हे सांगायला भूगोलाची पदवी लागत नाही, आणि तुम्हाला माहीत नसेल तर आणखी छान. दोघं मिळून शोधा.

माझी तक्रार मुलांबद्दल नाहीच. ती "हे असं का?" आपणहून विचारत असतात, "परीक्षेत येणार नाही" असं सांगून आपणच त्यांना गप्प करतो. तर पुढच्या सभेला मार्क विचारा, जरूर विचारा, पण भूगोलाची वहीही उघडून बघा. नकाशा नुसता रंगवलाय, की सूची आणि शीर्षकही दिलंय? पाऊस इथेच जास्त का, याला मुलाकडे स्वतःच्या शब्दांत उत्तर आहे का? आणि क्लासच्या नोट्समध्ये 'नकाशा पाठ करा' असं छापलेलं सापडलं, तर तेवढं पान खुशाल फाडून टाका. बाईंनी सांगितलंय म्हणा.