क्लच घरी बदलायचा म्हणतोस, तर ऐक

पाना नंतर हातात घे, आधी क्लच खरंच गेलाय का ते बघ. पहाटे पाच-साडेपाचला हायवे मोकळा असताना गाडी काढ. चौथ्या गिअरमध्ये हळू चालव आणि एकदम ॲक्सिलरेटर दे. आरपीएमचा काटा वर पळतोय आणि वेग तिथल्या तिथेच, तर प्लेट घसरतेय, वादच नाही. पेडल दाबल्यावर आवाज येत असेल तर तो बहुधा रिलीज बेअरिंगचा. उलट पेडल सोडल्यावर आवाज येतो आणि दाबलं की थांबतो, तर ते गिअरबॉक्सच्या आतलं बेअरिंग. नवा क्लच टाकलास तरी तो आवाज तसाच राहणार. आणि रिव्हर्स टाकताना खर्रर्र होतंय, पेडल पोकळ लागतंय, तर आधी क्लचचं ऑइल आणि त्याचे सिलिंडर तपास. ते दुखणं कधीकधी गिअरबॉक्स न उतरवताही जातं.

एवढं घोळवतोय ते का? तुला वाटतं क्लच बदलणं म्हणजे प्लेट बदलणं. प्लेट बदलणं हे त्यातलं सगळ्यात छोटं काम. बाकी सगळा वेळ गिअरबॉक्स उतरवण्यात आणि परत चढवण्यात जातो. म्हणून खरा प्रश्न असा विचार की, गिअरबॉक्स एकदाच उतरणार असेल तर त्या एका खेपेत काय काय करून घ्यायचं.

आम्ही शिकलो पद्मिनीवर. कुर्ल्याच्या कारखान्यातली, १०८९ सीसीची. इंजिन उभं, मागे गिअरबॉक्स, त्याच्या मागे प्रोपेलर शाफ्ट. शाफ्ट सोडायचा, गिअरबॉक्स छातीवर घेऊन मागे सरकवायचा, झालं. एस. व्ही. रोडच्या कडेला टॅक्सीवाला चहा पीत उभा असायचा तोवर. तुझी अबार्थ पुंटो त्याच फियाट घराण्यातली, पण ती नात्यापुरतीच. २०१५ साली आली, रांजणगावला बनली, १.४ लिटरचं टर्बो इंजिन, १४५ हॉर्सपॉवर, २१२ न्यूटन मीटर टॉर्क. इंजिन आडवं बसवलेलं, गिअरबॉक्स त्याच्या बाजूला, चेसिस आणि इंजिनच्या मधल्या चिंचोळ्या जागेत. तो काढायला बॅटरी, तिचा ट्रे, एअर फिल्टरचा डबा, सेल्फ, गिअरच्या केबली, दोन्ही ॲक्सल, सगळं बाजूला करावं लागतं. आणि गिअरबॉक्सचं माउंटिंग सोडलं की इंजिनही त्या बाजूला झुकतं. छातीवर घ्यायचा विचार मनातून काढून टाक. तीस-चाळीस किलोचं धूड आहे ते, आणि त्याला धरायला सरळ बाजूच नाही.

जागा. सोसायटीत पेव्हर ब्लॉक आहेत, खाली वाळू. त्यावर घोडी, म्हणजे जॅक स्टँड, ठेवलीस तर एक पाय हळूच खचतो आणि ते कळतं तेव्हा तू गाडीखाली असतोस. स्टिल्टखाली जिथे सपाट कोबा आहे ती जागा माग. चेअरमनना आधी सांग, वॉचमनलाही सांग, आणि खाली जुना पुठ्ठा अंथर. तेलाचा एक डाग पडला की तो पुढच्या जनरल बॉडीत निघतो. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली जायचं नाही. सिमेंटचा ब्लॉकही नको, तो तडकताना आधी सांगत नाही. चांगल्या घोड्या घे, हँडब्रेक ओढ, मागच्या चाकांना लाकूड लाव, आणि खाली जायच्या आधी गाडीला दोन्ही हातांनी जोरात हलवून बघ. उंची एवढी हवी की जॅकवरचा गिअरबॉक्स गाडीखालून बाहेर सरकेल. बरेच जण इथेच फसतात: बॉक्स सुटतो, खाली येतो, आणि बाहेर काढायला बोटभर जागा कमी पडते.

चाकाच्या मधला ॲक्सलचा मोठा नट चाक जमिनीवर असतानाच ढिला कर. लांब पाइप घालून जोर लावावा लागतो. घोडीवर चढवलेल्या गाडीला तसा जोर लावायचा नाही. गिअर ऑइल काढायच्या आधी भरायचा प्लग उघडतो का ते बघ. आधी खालचा प्लग उघडून ऑइल काढलं आणि मग वरचा जाम निघाला, तर गाडी गॅरेजपर्यंतही नेता येत नाही. बॅटरीची निगेटिव्ह आधी काढ. बोल्ट कुठला कुठून निघाला ते डोक्यात ठेवू नको. पुठ्ठ्यावर बेल हाऊसिंगचं, म्हणजे गिअरबॉक्सच्या इंजिनकडच्या तोंडाचं, चित्र काढ आणि बोल्ट जिथला तिथे त्यात खोच. त्यांची लांबी वेगवेगळी असते आणि लांब बोल्ट आखूड भोकात आवळला तर ॲल्युमिनियम फुटतं. फोटो काढ, पण फोटोत लांबी कळत नाही.

इंजिनला आधार वरून दिलेला बरा, आडव्या बारला साखळीने. खालून द्यायचा झाला तर जॅक आणि ऑइल पॅनच्या मध्ये रुंद लाकूड घाल, नाहीतर पॅन आत जातं.

आणि गिअरबॉक्स खाली असताना क्लचच्या पेडलला कुणी हात लावायचा नाही, पाय तर नाहीच. शेजारचा पोरगा स्टिअरिंग फिरवायला आत बसतो, गंमत म्हणून पेडल दाबतो, आणि सिलिंडरचा पिस्टन बाहेर उडतो. दार लॉक कर, चावी खिशात ठेव. ब्रेकचं आणि क्लचचं ऑइल बहुतेक गाड्यांत एकाच टाकीतलं असतं; बॉनेटच्या रंगावर सांडलं तर लगेच पाणी ओत, नाहीतर रंग सोलून निघेल.

बॉक्स उतरला की घाई करू नको, खरा फायदा इथे आहे. फ्लायव्हील नीट बघ. निळसर डाग, केसासारख्या चिरा, बोटाला लागणाऱ्या रेषा दिसल्या तर ते काढून लेथवाल्याकडे ने. मात्र दोन भागांचं, आत स्प्रिंग असलेलं ड्युअल मास फ्लायव्हील असेल तर त्याला लेथ लावायची नाही. ते हाताने फिरवून आणि डुगडुगवून किती खेळतंय ते कंपनीच्या मापाशी ताडायचं, आणि गेलं असेल तर नवं. त्याची किंमत ऐकून तुझ्या आईला सांगू नको एवढंच. फ्लायव्हीलच्या मागचं क्रँकचं ऑइल सील, गिअरबॉक्सच्या तोंडाचं सील, दोन्ही ओली आहेत का बघ. स्वस्तातल्या सीलला कंजूषपणा करून पुन्हा महिन्याने बॉक्स उतरवणारे मी पाहिलेत. रिलीज बेअरिंग तर चांगलं दिसत असलं तरी बदलायचंच. तुझ्या गाडीत सिलिंडर बेल हाऊसिंगच्या आत असेल तर तोही आत्ताच बदल.

आतली काळी धूळ कॉम्प्रेसरने उडवू नको. आमच्या वेळच्या प्लेटांत ॲस्बेस्टॉस असायचं आणि आम्ही ती तोंडाने फुंकायचो. तुला तसलं शौर्य दाखवायची गरज नाही. ओल्या फडक्याने पूस, तोंडाला मास्क लाव.

पार्ट आणायला जाशील तेव्हा मॉडेलचं नाव सांगून मागू नको. चासी नंबरवरून पार्ट नंबर काढ, आणि घरी आल्यावर जुन्या प्लेटशेजारी नवी ठेवून व्यास आणि दाते जुळव. फियाटने २०१९ च्या सुमारास इथलं दुकान आवरलं, त्यामुळे दुकानदार ‘हेच बसतं’ म्हणून काहीही हातात देईल. ऑपेरा हाऊसला चार दुकानं फिर. कुर्ल्याला सीएसटी रोडवर जुनं सेल्फ, जुनं ॲक्सल घ्यायचं तर घे. जुनी प्रेशर प्लेट रंग मारून डब्यात घातलेलीही मिळते, ती घेऊ नको. आणि पार्ट हातात आल्याशिवाय गाडी खोलायची नाही.

तुझ्या मनात रिमॅप आहे, मला माहीत आहे. टर्बो गाडीचा टॉर्क वाढवला की कंपनीचा क्लच वरच्या गिअरमध्ये आधी सुटतो. मग लोक सिरॅमिक बटणाची प्लेट आणि कडक प्रेशर प्लेट घालतात. ट्रॅकवर ठीक. पण तुझा रोजचा रस्ता जेव्हीएलआर आहे. मेट्रो ६ चे खांब उभे राहायला लागल्यापासून तिथे गाडी पळत नाही, सरकते. बटणाची प्लेट अर्ध्या क्लचवर नीट चालत नाही, धक्के मारते, आणि कडक पेडलने गुडघा जातो. तुझ्या गाडीचा क्लच वेगाने नाही, या सरकण्याने गेलाय. माझं ऐकशील तर कंपनीचाच टाक, किंवा ऑर्गॅनिक लायनिंग ठेवून जरा जास्त दाबाची प्रेशर प्लेट. त्यापुढे जाऊ नको.

बसवताना प्लेटची कुठली बाजू फ्लायव्हीलकडे ते तिच्यावर लिहिलेलं असतं, वाच. नव्या प्रेशर प्लेटवर गंजू नये म्हणून तेल असतं, ते ब्रेक क्लीनरने पूस. लायनिंगला तेलकट बोट लागू देऊ नको. दात्यांवर ग्रीस अगदी नखभर, आणि जास्तीचं पुसून टाक. प्लेट डमी शाफ्टने मधोमध धर आणि प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करत, शेवटी टॉर्क पान्याने आवळ. न्यूमॅटिक गन इथे नको.

बॉक्स चढवताना तो कधीही शाफ्टवर लोंबू द्यायचा नाही, प्लेटचा मधला भाग वाकतो. जॅकवर त्याचा कोन इंजिनच्या कोनाशी जुळव, गिअरमध्ये टाकून एका हाताने शाफ्ट किंचित फिरव, आणि तो स्वतःहून आत जाईल. शेवटची बोटभर फट राहिली तर बोल्ट आवळून ती ओढायचा मोह होतो. तसं केलंस तर बेल हाऊसिंगचा कान तुटतो. फट राहिली म्हणजे काहीतरी अडतंय. मागे घे, बघ, पुन्हा लाव. हे तीनदा-चारदा होतं, त्यात चिडण्यासारखं काही नाही. संध्याकाळ झाली असेल तर मात्र थांब. दमलेल्या हाताने बॉक्स चढवायचा नाही.

नवं गिअर ऑइल भरलंस ना, हे चावी फिरवायच्या आधी मोठ्याने विचार. क्लचच्या ऑइलमधली हवा काढायला दुसरा माणूस लागतो: एकजण पेडलवर, एकजण खाली, आणि दोघांनी एकमेकांशी बोलत राहायचं. मग गाडी घोड्यांवरच असताना सगळे गिअर टाकून बघ. नंतरचे पाच-सातशे किलोमीटर सिग्नलवरून उडी मारायची नाही, रिमॅप तर नाहीच. आठवड्याने बेल हाऊसिंगच्या खाली बोट फिरवून ओल येतेय का पाहा.

तुझ्या मित्राची पोलो जीटी टीएसआय यात मोजू नको. तिच्या सात गिअरच्या डीएसजीत दोन क्लच असतात, कोरडे, आणि त्यांच्या मापाची हत्यारं घरात नसतात. ती ज्याच्याकडे ती हत्यारं आहेत त्याच्याकडेच जाऊ दे. तुझ्याही बाबतीत एक सांगतो: ओशिवऱ्यात दोन खांबांची लिफ्ट असलेला एखादा गॅरेजवाला रविवारी लिफ्ट भाड्याने देतो का विचार. काम तूच कर, उंची त्याची. त्यात कमीपणा नाही.

पावसात हे काम काढायचं नाही. दिवाळी झाली की एक शनिवार धर. बोल्ट, नट, सील, ऑइल सगळं शुक्रवारी रात्रीच एका ठिकाणी मांडून ठेव. कुठे अडलास तर मला फोन कर, पण दुपारी एक ते चार सोडून.