रस्त्याचा नकाशा आपल्याच मोबाईलवर



केरी, हरमल, मांद्रे, मोरजी, कुठेही होडी लागली तरी मासळी बाजारात जाते ती गावच्या रस्त्याने. रस्ता खराब असला की वाटेत बर्फ वितळतो आणि भाव पडतो. पण ‘रस्ता दुरुस्त करा’ एवढ्याच अर्जावरून काम नेमके कुठे आहे ते कळत नाही. सोबत नकाशा हवा. तो बिनखर्चात होतो.

जाळ्याची जागा आपण जीपीएसवर साठवतो ना? तसेच करायचे.

१) १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते, पाऊसही असतो. पाणी कुठे साचते ते तेव्हाच दिसते. मोबाईलचे लोकेशन चालू ठेवून फोटो काढा.

२) जीपीएसमध्ये पाच-दहा मीटरचा फरक पडतो, माडांखाली जास्तच. म्हणून जवळचा खांब, देऊळ, खुरीस अशी खूण लिहा. रुंदी टेपने मोजा.

३) गुगल माय मॅप्सवर खुणा घाला: निळी पाण्याला, लाल खड्ड्याला, पिवळी तुटलेल्या कडेला.

४) निळी खूण आधी बघा. पाणी साचते तिथलेच डांबर उखडते. गटार, मोरी मोकळी केल्याशिवाय बुजवलेला खड्डा पुढच्या पावसात परत उघडतो.

५) रस्ता पंचायतीचा की साबांखाचा ते आधी विचारा. मग तारखेसह नकाशा छापून अर्जाला जोडा, ग्रामसभेतही मांडा.

प्रत्येक वाड्यावरून दोघे पुढे आले तरी काम होईल. नावे संस्थेत द्या.

— सचिव