पैसे देऊन बॅकलिंक घ्यायच्या का?

‘तुमचा गूळ गूगलवर पहिल्या पानावर आणतो, शंभर बॅकलिंक देतो’ असा फोन आला, तर पैसे पाठवायच्या आधी एवढं वाचा.

बॅकलिंक म्हणजे दुसऱ्याच्या वेबसाइटवरून आपल्या पानाकडं येणारी वाट. गूगल तिला साक्ष धरतं. पण साक्षीदारच विकत आणलेला असला तर? सौद्यात आपलाच माणूस गिऱ्हाईक म्हणून उभा करण्यातली गत. नंबर वाढवायला लिंक विकत घेणं गूगलच्या नियमात बसत नाही. बऱ्याचदा अशा लिंका धरल्याच जात नाहीत, पैसे पाण्यात. कधी पानच खाली जातं. २०११ मध्ये अमेरिकेतल्या जेसी पेनी या बड्या दुकानाचं तेच झालं. उघड जाहिरात चालते, पण त्या लिंकला ‘स्पॉन्सर्ड’ खूण लावावी लागते.

त्यापेक्षा गूगल बिझनेस प्रोफाइल काढा, फुकट आहे. गुऱ्हाळाचे खरे फोटो टाका. कोल्हापुरी गुळाला २०१४ पासून जीआय आहे. तुमची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद असंल तर तेही लिहा. माल घेणाऱ्या दुकानदाराची वेबसाइट असंल तर तिथं आपलं नाव लिंकसकट टाकायला सांगा.

पैसे आधीच दिलेत? मग लिंका कुठं कुठं लावल्या त्याची यादी मागा, आणि काढायला लावा.