आधी छपरावर धुराडं आहे का बघा

नाताळ जवळ आला की फोन सुरू होतात. 'फायरप्लेसजवळचा फोटो हवा, एकदम उबदार.' आणि हे कुठे, तर गोव्यातल्या मांद्र्यात! डिसेंबरातही रात्री पारा २० अंशांच्या आसपास असतो आणि इथल्या जुनासवाड्यातली माणसं फार तर अंगावर एक चादर ओढतात. पण धंदा म्हटल्यावर हसून चालत नाही. २०२३ च्या जानेवारीत मोपाच्या विमानतळावर विमानं उतरू लागली. तेव्हापासून व्हिलावाल्यांना बुकिंगसाठी सणाचा फोटो लागतोच, तो मी काढून देतो. त्यातल्या एका घराचं नाव काढलं तरी अजून डोकं तापतं.

मालक बाहेरचे, बोलायला साखर. दिवाणखान्यात काळ्या दगडाची फायरप्लेस, वर लाल मोजे टांगलेले, शेजारी प्लॅस्टिकचं झाड. घरातल्या मुलांना लोकरी स्वेटर घालून बसवायचं, म्हणून एसी १८ वर. मी आदल्या दिवशीच सांगितलं होतं, खरी आग नको. ओंडक्यांच्या मागे डिमरवर पिवळा बल्ब आणि पुढे जाड मेणबत्त्या, एवढ्यावर काम भागतं. तिन्हीसांजेला तसे फोटो काढलेही आणि ते चांगले आले. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मालकांचं समाधान होईना. "भाई, असली आग चाहिए." सुरूचे ओलसर ओंडके आणून ठेवलेले होतेच. घराची देखभाल करणारे काका जवळ येऊन हळूच म्हणाले, "हाका वयर वाटच ना रे बाबा." मी टॉर्च घेऊन अंगणात गेलो. छपरावर या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसती मंगलोरी कौलं. धुराडं नावाला नाही! लाखभर रुपये घालून बांधलेली ती दगडी चौकट निव्वळ शोभेची होती, वरून पीओपीने बंद केलेली. कौलांकडे बघत मी क्षणभर तसाच उभा राहिलो. खरं सांगायचं तर हसूच आलं.

आत आलो तोवर मालकांनी जनरेटरचं डिझेल शिंपडून काडी ओढली होती.

एसीसाठी दारं-खिडक्या बंद, त्यामुळे धूर जाणार कुठे? पांढरं छत बघता बघता काळवंडलं, मुलं खोकू लागली. मी खिडक्या उघडत सुटलो, काकांनी बागेतली ओली माती आणून आगीवर टाकली. आणि मालक? चार पाहुण्यांसमोर माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, फोटोग्राफरने आधी सांगायला हवं होतं. सांगितलं होतं, काकांच्या देखत सांगितलं होतं! काका बिचारे जमिनीकडे बघत राहिले. त्यांना तिथे नोकरी करायची आहे, त्यांच्यावर माझा राग नाही.

आगीच्या फोटोपायी घर खराब होणं हे काही मांद्र्यातच घडत नाही. १९६६ साली न्यूयॉर्कच्या डब्ल्यूपीआयएक्स वाहिनीने नाताळात टीव्हीवर नुसती जळती शेकोटी दाखवायची ठरवली. चित्रीकरण महापौरांच्या निवासस्थानी, ग्रेसी मॅन्शनमध्ये झालं. ज्वाळा नीट दिसाव्यात म्हणून पुढची जाळी काढली, ठिणगी उडाली आणि जुना मौल्यवान गालिचा जळला. पुढे १९७० मध्ये नवं चित्रण करायची वेळ आली तेव्हा ते कॅलिफोर्नियात जाऊन करावं लागलं. त्यांच्याकडे निदान खरं धुराडं होतं.

म्हणून घरी असा फोटो काढणार असाल तर आधी बाहेर जाऊन छप्पर बघा. आतून काही कळत नाही. एसीच्या बंद खोलीत लाकूड तर नकोच, कोळशाची शेगडीसुद्धा नको. भिंतीवरचा एसी बाहेरची हवा आत घेत नाही, आतलीच फिरवतो. धूर निदान दिसतो. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, झोपेतच माणूस जातो. पडदे लांब ठेवा, बादलीभर वाळू जवळ ठेवा, मुलांवर लक्ष ठेवा. हे सगळ्यांना माहीत असतं, करत कोणी नाही.

आता कॅमेऱ्याचं. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमारास बुडतो. त्यानंतरची वीसेक मिनिटं खिडकीत निळा उजेड असतो, तेवढ्यात काम उरका. पुढे खिडकी नुसती काळी दिसते. व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवू नका. मेणबत्तीचा उजेड १९०० केल्विनच्या आसपासचा, ऑटोवर कॅमेरा ती ऊब धुऊन टाकायला बघतो. मी ३५०० च्या जवळपास ठेवतो. फ्लॅश बंद, कॅमेरा स्टँडवर. स्वस्त एलईडी माळा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं तर पट्टे येत नाहीत. गार खोलीतून कॅमेरा तसाच अंगणात नेलात तर लेन्सवर दव धरतं, तो आधी पिशवीत बंद करा.

आणि घरात चूल असेल तर ते मोजे-बिजे कशाला? आमच्या पेडणे तालुक्यात अजून पुष्कळ घरांत आहे. नारळाची सोडणं घालू नका, धूर होतो. करवंट्या घाला, ज्वाळ पिवळी आणि स्वच्छ येते.

पैशांचं राहिलं. छताच्या रंगाचा खर्च माझ्या बिलातून वळता झाला, म्हणजे हाती शून्य. "फोटो पसंत नाहीत," असंही कळवलं. पुढे बुकिंगच्या साइटवर त्याच घराचा फोटो दिसला: मेणबत्त्या, मागे पिवळा बल्ब, कोपऱ्यातलं माझं नाव कापलेलं. नापसंत फोटो तो हाच. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ सांगतं की वेगळा करार नसेल तर मोबदला देऊन काढवून घेतलेल्या फोटोचा मालक काम सांगणारा. म्हणजे कागद नसला की भांडणाला धारच राहत नाही.

मांद्रे-मोरजीतली नवी मुलं कॅमेरे घेऊन या धंद्यात येताहेत, त्यांना सांगणं एवढंच: पूर्ण पैसे मिळेपर्यंत हक्क माझा, हे कागदावर लिहून सही घ्या. निम्मे पैसे आगाऊ घ्या. पसंतीसाठी फोटो लहान आकारात पाठवा आणि आपलं नाव कोपऱ्यात नको, चेहऱ्यांवरून आडवं टाका.