गाळलेले रकाने

व्हिडिओ गेम कन्सोलच्या विक्रीवर प्रस्तुत लेखकाने एका मासिकाला लेख दिला, तेव्हा तक्त्यात चार रकाने होते: कन्सोल, खपलेले नग, आकड्याची तारीख आणि त्या तारखेला कन्सोल बाजारात येऊन झालेला काळ. अंक हाती आला तेव्हा पहिले दोनच उरले होते. वर ठळक मथळा, 'स्विचपेक्षा वी सरस'. खाली नाव लेखकाचे.

फोन केल्यावर संपादक म्हणाले, "तारखा वाचतो कोण?" वाचकांनी मात्र त्या नसल्याचे बरोबर हेरले आणि बोल लेखकाला लावला. दुरुस्ती छापायचे सौजन्यही मासिकाने दाखवले नाही.

दोन्ही आकडे निन्टेन्डोचे आणि खरेच होते. डिसेंबर २००९ अखेर वी ६ कोटी ७४ लाख, मार्च २०२० अखेर स्विच ५ कोटी ५७ लाख. बाजारात येऊन दोघांनाही तीन वर्षे आणि वर महिनाभर झालेला. पण वी नोव्हेंबर २००६ मध्ये आला, म्हणून त्याला चार नाताळ मिळाले. मार्च २०१७ मध्ये आलेल्या स्विचला तीनच. अमेरिका-युरोपात कन्सोलचा मोठा खप नाताळच्याच तोंडावर होतो. पुढे वीची विक्री ओसरून १० कोटी १६ लाखांवर थांबली आणि स्विच १५ कोटींच्या पलीकडे गेला. तारीख काढली की यातले काहीच कळत नाही.

म्हणून असे तक्ते करणाऱ्यांनी तारखेला वेगळा रकाना देऊच नये. ती आकड्याला चिकटवून, त्याच चौकटीत लिहावी. रकाना एका फटक्यात उडवता येतो, चौकटीतला मजकूर एकेक करून खोडावा लागतो. छापण्याआधी प्रूफ मागावे, तेही लेखी.

तुलना कशाशी करायची, तेही पाहावे. स्विचची तुलना निन्टेन्डोच्याच आधीच्या, टीव्हीला जोडायच्या वी यू या एकट्या कन्सोलच्या १ कोटी ३५ लाखांशी करू नये. स्विच हातात धरूनही खेळता येतो, तेव्हा हातात धरायच्या थ्रीडीएस या कन्सोलचे ७ कोटी ५९ लाखही त्यात धरावेत.

कंपन्या सांगतात ते नग बहुधा दुकानांकडे रवाना झालेले असतात, ग्राहकाच्या घरी पोचलेले नव्हेत. मायक्रोसॉफ्टने तर २०१५ पासून एक्सबॉक्सच्या नगांचे आकडे जाहीर करणेच सोडले. त्यानंतरचे जे छापून येते ते बहुतेक अंदाज असतात; तिथे 'अंदाजे' हा शब्द कोणत्याही संपादकाला काढू देऊ नये.