अंडे वाचले, मासा का मेला?

कढईतले तेल फार तापून धुरावले की डोळे चुरचुरतात, ठसका लागतो. त्या धुरात ॲक्रोलीन नावाचा जहाल पदार्थ असतो. हाच पदार्थ आज आपल्याला एका माशाच्या अंड्याचे कोडे सोडवायला मदत करणार आहे.

झेब्रा मासा जेमतेम ३-४ सेंटिमीटर लांब, अंगावर निळसर पट्टे असलेला. गंगेच्या खोऱ्यातील या माशाचे शास्त्रीय वर्णन फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ साली केले. आज तो जगभरच्या प्रयोगशाळांत पाळला जातो. कारण त्याची अंडी पारदर्शक असतात. साधारण एका दिवसात आतल्या भ्रूणाचे हृदय धडधडू लागते आणि दोन-तीन दिवसांत पिलू बाहेर पडते. हे सारे सूक्ष्मदर्शकातून स्पष्ट दिसते.

एखादे रसायन पाण्यात मिसळले तर माशांना किती घातक ठरेल, हे पाहण्यासाठी या अंड्यांचा उपयोग होतो. ओ.ई.सी.डी. या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१३ साली या चाचणीची रीत ठरवून दिली. रसायनाच्या प्रत्येक तीव्रतेच्या द्रावणात २० अंडी ९६ तास ठेवतात. अंडे गोठून पांढरे पडले का? शरीराचे खंड तयार झाले का? शेपूट बलकापासून सुटली का? हृदय चालू आहे का? या चार खुणा रोज तपासतात.

आता कोडे पाहा. ॲलिल अल्कोहोल हे रसायन मोठ्या माशांना अगदी थोड्या प्रमाणातही मारते. अंड्यांतील भ्रूण मात्र त्याहून कितीतरी तीव्र द्रावणात तग धरतात. असे का व्हावे?

याचे उत्तर विकरांत आहे. सजीवांच्या शरीरातील रासायनिक क्रिया घडवून आणणारी प्रथिने म्हणजे विकरे. मोठ्या माशाच्या शरीरातील एक विकर ॲलिल अल्कोहोलचे रूपांतर ॲक्रोलीनमध्ये करते. म्हणजे खरे विष शरीरातच तयार होते! कोवळ्या भ्रूणात हे विकर पुरेसे नसते. म्हणून तो वाचतो.

हा तर्क खरा कशावरून? जर्मनीतील लाइपझिगच्या शास्त्रज्ञांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ते विकर बनवण्याचा संदेश देणारा आर.एन.ए. अंड्यांत टोचला. अंड्यांत विकर तयार झाले आणि तेच रसायन त्यांना अधिक बाधू लागले.

विकरांची दुसरी बाजूही विसरू नका. अनेक विकरे विषाचे रूपांतर निरुपद्रवी पदार्थांत करून ते शरीराबाहेर टाकायला मदत करतात. म्हणून भ्रूणात कोणते विकर कोणत्या दिवशी, किती काम करते हे मोजावे लागते. त्यासाठी एक युक्ती आहे. विकराने बदलल्यावर चमकू लागेल असा पदार्थ भ्रूणाला देतात. जितकी चमक अधिक, तितके विकर अधिक कार्यक्षम.

तेव्हा अंडे जगले, एवढ्यावरून रसायन निर्धोक ठरत नाही. नदीत अंडीही असतात आणि मोठे मासेही.

विचार करा : मिथेनॉलची विषबाधा झालेल्या रोग्याला रुग्णालयात कधी कधी इथेनॉल का देतात? (सूचना : दोन्हींवर एकच विकर काम करते.)