मण्यारीची भीती बाळग, नागाची नंतर

अगं, गुलमंडीच्या भर बाजारात साप आलाच कुठून, असं तू फोनवर पुन्हा पुन्हा विचारत होतीस. रस्त्यावर मुंगीला शिरायला जागा नाही, हे खरं. पण दुकानांच्या ओळीमागे काय आहे ते बघ ना! मातीच्या जाड भिंतींचे जुने वाडे, त्यातले काही अर्धवट पाडलेले, राडारोडा तसाच पडलेला. दाण्यागोट्यामुळे उंदरांची चंगळ. पावसाचं पाणी बिळात शिरलं, किंवा शेजारी वाडा पाडायला घेतला, की भिंतीत राहणारे तुमच्या अंगणात येणारच.

सासूबाई म्हणाल्या, नाग असणार. आपल्याकडे लांब काही सळसळलं की तो नागच. त्यापायी बिचारी धामण हकनाक मरते, आणि उंदीर खाणारी तर तीच. मला विचारशील तर नागापेक्षा मण्यारीची काळजी जास्त. नाग फणा काढतो, फुत्कारतो, निदान कळू तरी देतो. मण्यार रात्री निघते, आवाज नाही की काही नाही. जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरते आणि कूस बदलताना चावते. दात इतके बारीक की पुष्कळदा खूण दिसत नाही, दुखतही नाही. माणूस पहाटे उठतो तो पोटात कळ घेऊन. घरचे म्हणतात गॅस झालाय, ओवा देतात. तेवढ्यात पापण्या जड होतात, गिळता येईनासं होतं, मग श्वास. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेलं कुणी असं उठलं, तर ओवा राहू दे, थेट दवाखाना.

तुझ्या भिंतीवर पालीमागे सरसर चढला, तो बहुधा कवड्या. मण्यारीला भिंत चढणं असं जमत नाही. कवड्या बिनविषारी, रंग तपकिरी, आडवे पट्टे मानेकडे ठळक आणि शेपटीकडे विरत गेलेले. मण्यारीचं उलटं: चकचकीत निळसर काळी, पांढऱ्या बारीक रेघा शेपटीकडे ठळक, डोक्याकडे पुसट. पिल्लांत मात्र ही खूण फसवते. म्हणून ओळख पटली नाही, की विषारीच धरायचा आणि लांब राहायचं. जवळ जाऊन पट्टे मोजायचे नाहीत.

दुसरी घोणस. अंगावर साखळीसारखे गोल ठिपके, आणि डिवचली की कुकरची शिट्टी व्हावी तसा फुत्कार. ती पळत नाही, पडून राहते. म्हणून अंधारात पाय पडतो. पहाटे देवाला फुलं तोडताना झुडपात हात घालण्याआधी बॅटरी मार.

साप दिसला तर एकाने लांबून नजर ठेवायची, बाकीच्यांनी लेकरं आणि मांजर आत न्यायची, दाराखालच्या फटीत गोणपाट कोंबायचं. वनखात्याचा 1926 हा नंबर लिहून ठेव. फिनेल, गरम पाणी, काठी काही नको. बुजलेला साप घरातच शिरतो. मारताना नाहीतर पकडतानाही चावा बसतो. शिवाय 1972 च्या वन्यजीव कायद्याने मारणं गुन्हा आहे, ते वेगळंच. सर्पमित्र आला की आकडी आणि पिशवी आणलीय का ते बघ. गळ्यात घालून फोटो काढणारा असला, तर मला तो सापाइतकाच धोक्याचा वाटतो.

घरात करायचं थोडंच आहे. मोरीच्या नळाला जाळी बसव, भिंतीतली भोकं बुजव, विटांचा ढीग अंगणातून हलव. आणि सगळ्यांत आधी मच्छरदाणी! कडा गादीखाली नीट खोचायच्या. मुलांना उन्हाळ्यापासून खाली झोपायची सवय असते, ती पाऊस लागला की मोडायची. देशात साप चावून दरवर्षी सरासरी 58,000 माणसं जातात असा 2020 सालच्या एका अभ्यासाचा अंदाज आहे, आणि त्यातली निम्मी जून ते सप्टेंबरमध्ये.

देव करो आणि वेळ न येवो, पण कुणाला चावलाच तर बांगड्या, अंगठ्या, जोडवी आधी काढ, कारण सूज चढते. दोरी आवळायची नाही, ब्लेड लावायचं नाही, चोखायचं नाही. हातापायाला फळी बांधून तो हलू द्यायचा नाही, चालवायचं नाही. 108 ला फोन कर. गाडीला उशीर होतोय असं वाटलं, तर मिळेल त्या वाहनाने घाटी रुग्णालयात न्या. गुलमंडीहून घाटी लांब नाही. कुणी मांत्रिकाचं नाव काढेल, कुणी कडुलिंबाचा पाला चावायला देईल. कडू लागला म्हणजे विष नाही, असलं काही ऐकून घेऊ नकोस. मण्यार चावली असेल तर श्वासाचं यंत्र लागू शकतं, ते जिथे आहे तिथेच जायचं.

साप मारून पिशवीत घालून नेऊ नका. मेलेल्या सापाचं तोंडही चावतं. आणि त्याची गरजही नसते, कारण आपल्याकडची प्रतिविषाची लस नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच आहे. डॉक्टर लक्षणांवरून ठरवतात. घोणशीच्या विषाने रक्त गोठत नाही, म्हणून थोडं रक्त कोऱ्या काचेच्या नळीत घेऊन 20 मिनिटं तसंच ठेवतात आणि मग नळी तिरकी करून बघतात. बाहेर बसलेल्याला वाटतं की काहीच करत नाहीयेत. तुझा नवरा तापट आहे, त्याला हे आधीच सांगून ठेव, नाहीतर तिथे भांडत बसेल. रात्रभर ठेवून घेतलं तरी घरी न्यायची घाई नको. मण्यारीची लक्षणं कधी कधी उशिरा दिसू लागतात.